वाहनपूजा आणि पाण्याचा विवेक

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त. नऊ दिवस घटापाशी नंदादीप तेवत ठेवावा, दहाव्या दिवशी शमीचे पूजन करून सीमोल्लंघनास निघावे आणि परतताना थोरामोठ्यांच्या हाती आपट्याचे सोने ठेवून त्यांच्या पाया पडावे, ही आपल्या घराघरांतील रीत. या सोहळ्यातच खंडेनवमीस व दसऱ्यास आयुधांची पूजा होते. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली होती, त्या कथेचे स्मरण तिच्यामागे आहे. परंतु आयुध म्हणजे केवळ तलवार, असा संकुचित अर्थ आपल्या पूर्वजांनी केला नाही. शेतकरी नांगराला, सुतार रंध्याला, शिंपी शिवणयंत्राला, वाणी तराजूला आणि विद्यार्थी पाटीवरच्या सरस्वतीला गंधफूल वाहतो. ज्या साधनाच्या आधाराने वर्षभर घरची चूल पेटते, त्याला एक दिवस हात जोडावेत, एवढा सरळ आणि सुंदर विचार या प्रथेत आहे.

काळ बदलला तसे या पूजेत वाहनालाही स्थान मिळाले. आज एस. टी.च्या आगारात, रिक्षाच्या थांब्यावर, कारखान्याच्या आवारात आणि घरोघरच्या अंगणात झेंडूच्या माळा घातलेली वाहने दसऱ्याला उभी दिसतात. कोणी याला भाबडेपणा म्हणून हसतात. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. जे वाहन अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवते, मुलांना शाळेत नेते, कुलदैवताच्या दर्शनाला नेऊन सुखरूप परत आणते, त्याला हळदकुंकू वाहताना मन कृतज्ञ होत असेल तर ती भावना निर्मळच म्हटली पाहिजे.

आमचे म्हणणे आहे ते पूजेच्या आधल्या तयारीविषयी. पूजेपूर्वी वस्तू स्वच्छ करावी, हे ओघानेच आले. म्हणून खंडेनवमीच्या संध्याकाळपासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत शहरांतल्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या आवारात रबरी नळ्या बाहेर पडतात. नळी मोटारीच्या टपावर धरली जाते, साबणाचा फेस होतो, तो घालवण्यासाठी पुन्हा नळी सोडली जाते, शेजारी भेटला की दोन शब्द बोलणे होते आणि तोवर पाणी फरशीवरून गटाराकडे वाहत राहते. ते पाणी साधे नसते. धरणातून आणलेले, तुरटीने निवळलेले, क्लोरीनने शुद्ध केलेले आणि पंपाने वर चढवलेले ते पिण्याचे पाणी असते. घरातली गृहिणी भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालते आणि त्याच घराची मोटार पिण्याच्या पाण्याने नाहते. हा विरोध विचार करायला लावणारा आहे.

थोडा हिशेब

श्रद्धेच्या कार्यात हिशेब मांडू नये, असा संकेत आहे. परंतु जे खर्च होते ते आपल्या एकट्याचे नसेल, तर हिशेब मांडणे हेच धर्मकार्य ठरते. साध्या रबरी नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी पडते. दहा मिनिटे नळी मोकळी सोडली तर शंभर ते दीडशे लिटर पाणी एका मोटारीवरून वाहून जाते. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात पिणे, स्वयंपाक, आंघोळ आणि धुणे सारे आले. म्हणजे शहरातील एका मोटारीच्या एका आंघोळीत खेड्यातील जवळजवळ तीन माणसांचा दिवस जातो. चाळीस मोटारी असलेल्या एखाद्या संस्थेत दीडशे लिटरच्या मानाने सहा हजार लिटर पाणी एका सणाच्या सकाळी सांडते. हा शंभरावर माणसांचा एका दिवसाचा वाटा झाला.

यावर कोणी म्हणेल की पावसाळा नुकताच सरला आहे, धरणे काठोकाठ भरली आहेत, मग सणाच्या दिवशी एवढा काटकसरीचा सूर कशाला? आमचे उत्तर असे की दसऱ्याला दिसणारा साठा हा वर्षाची शिधासामग्री आहे. आश्विनानंतर पुढच्या ज्येष्ठ-आषाढापर्यंत आकाशातून भरवशाचे काही येत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास धरणांत जे असते त्यावरच पुढचे आठ-नऊ महिने काढायचे असतात. कोठी भरलेली आहे म्हणून पहिल्याच दिवशी पोती मोकळी करणाऱ्या गृहस्थाला आपण शहाणा म्हणत नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. या महानगराला सात जलाशयांचे पाणी मिळते. त्यांतील विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव शहरात आहेत, बाकीचे सारे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातून, सुमारे शंभर किलोमीटरवरूनही, वाहिन्यांनी आणले जाते. भातसा आणि तानसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. धरणाच्या उशाशी राहणाऱ्या बाईच्या डोक्यावर रिकामा हंडा आणि धरणापासून शंभर किलोमीटरवर उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर वाहती नळी, हे चित्र कोणत्याही देवतेला आवडेल असे आम्हांस वाटत नाही.

२०१६ सालची आठवण तर मराठी माणसाच्या मनातून जाणारी नाही. त्या वर्षी गुढीपाडवा ८ एप्रिलला होता. त्यानंतर चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. पुढे वाघिणी वाढल्या आणि अशा खेपा पावसाळ्यापर्यंत चालू राहिल्या. त्या पहिल्या गाडीतील पाणी म्हणजे दीडशे लिटरच्या हिशेबाने केवळ सव्वातीन हजार मोटारींची एक वेळची धुलाई होय. एवढ्या मोटारी तर पुण्या-मुंबईच्या एखाद्या उपनगरातच असतील. दसरा आणि पाडवा या दोन मुहूर्तांत सहा महिन्यांचे अंतर आहे. एका मुहूर्ताला सांडलेले पाणी दुसऱ्या मुहूर्ताला आठवते, ते असे.

शेजारच्या कर्नाटकात बंगळूर शहरावर अशीच वेळ मार्च २०२४ मध्ये आली, तेव्हा तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी केली आणि ती मोडणारास पाच हजार रुपये दंड ठेवला. दंडाच्या भयाने जे करावे लागते, ते आधीच धर्मबुद्धीने केले तर त्यात आपली शोभा आहे.

शुद्धीविषयी शास्त्राचा कौल

काही श्रद्धावान मंडळींच्या मनात येथे एक शंका येईल. पाण्याने धुतल्याखेरीज वस्तू पूजेस योग्य कशी होणार? ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर शास्त्रातूनच द्यावयास हवे. आपल्या धर्मशास्त्रांत द्रव्यशुद्धी या नावाचा स्वतंत्र विषय आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात त्याचे प्रकरण आहे आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही त्याचा विचार केला आहे. तेथे सर्व वस्तूंना एकच उपाय सांगितलेला नाही. तांबे, लोखंड, पितळ यांसारख्या धातूंना क्षार, आम्ल आणि पाणी यांनी शुद्ध करावे, असे सांगितले आहे. धान्य आणि वस्त्रे थोडी असतील तर ती धुवावीत, पुष्कळ असतील तर त्यांच्यावर पाणी शिंपडले म्हणजे पुरे, असाही निर्णय आहे. वस्तू कोणती, मळ कोणता आणि प्रमाण किती, हे पाहून उपाय ठरवावा, हा त्या सर्व विवेचनाचा गाभा आहे. अधिक पाणी म्हणजे अधिक शुद्धी, असा नियम तेथे कोठेही आढळत नाही.

आपल्या घरातील स्त्रियांना तर हे ज्ञान पोथीवाचून अवगत आहे. देवाची तांब्याची उपकरणी चिंचेने उजळतात, समई राखेने किंवा रांगोळीने घासली जाते, चांदीचे ताम्हन मऊ फडक्याने पुसून लखलखीत केले जाते. देव्हाऱ्यातील तसबिरींवर कोणी तांब्या ओतत नाही. त्या ओलसर वस्त्राने पुसल्या की पूजेस सिद्ध होतात. आचमनाला पाणी लागते ते पळीभर, तीर्थ मिळते ते तळहाताच्या खळग्यात मावेल एवढे, आणि महादेवावर अभिषेकपात्रातून जी धार धरली जाते ती सुताएवढी बारीक असते. मग ज्या धर्मात देवाला पळीभर पाणी पुरते, त्या धर्मात मोटारीला शंभर लिटर का लागावे?

दसऱ्याच्या कथेतही हाच बोध आहे, आणि तो आपल्या हाती दरवर्षी पानाच्या रूपाने येतो. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स चौदा कोटी सुवर्णमुद्रांची गुरुदक्षिणा मागण्यासाठी रघुराजाकडे गेला. राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केले होते. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वर्णन केले आहे की सोन्याची भांडी उरली नसल्याने राजाने मातीच्या पात्रातून अर्घ्य देऊन अतिथीचा सत्कार केला. पुढे कुबेराने सुवर्णाचा वर्षाव केला, तो आपट्याच्या झाडावर झाला असे आपल्याकडे सांगतात. राजा म्हणाला, सारे तुझेच आहे. कौत्साने मात्र चौदा कोटीच मोजून घेतले, त्याहून एक मुद्राही अधिक घेतली नाही. समोर ढीग पडलेला असताना गरजेपुरतेच उचलणारा हा ब्रह्मचारी दसऱ्याचा खरा नायक आहे, असे आम्ही मानतो. त्याच्या स्मरणार्थ आपण आपट्याचे पान देतो. ज्या दिवशी ते पान हाती घ्यायचे, त्याच दिवशी नळी मोकळी सोडून ठेवणे त्या कथेला शोभत नाही.

बिनपाण्याची सफाई

सुदैवाने आज मोटार स्वच्छ करण्याचा एक नवा मार्ग उपलब्ध आहे. त्याला बिनपाण्याची सफाई असे म्हणतात. एका बाटलीतील द्रव मोटारीवर फवारायचा आणि मायक्रोफायबर नावाच्या मऊ फडक्याने तो पुसून घ्यायचा, एवढीच ती कृती. नाव बिनपाण्याचे असले तरी बाटलीतील द्रवात बहुधा पाणीच अधिक असते. त्यात मळ सोडवणारे सौम्य द्रव्य, घर्षण कमी करणारे बुळबुळीत द्रव्य आणि पुष्कळदा थोडे मेण मिसळलेले असते. फवारा धुळीच्या कणांखाली शिरून त्यांना रंगापासून सुटे करतो आणि त्यांच्याभोवती निसरडे आवरण तयार करतो. त्यामुळे फडके फिरले की कण रंगावर घासले न जाता फडक्यात जाऊन बसतात. एका मोटारीला साधारण पाव लिटरच्या आसपास द्रव पुरतो.

या रीतीतील खरी करामत फडक्याची आहे. मायक्रोफायबर म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचे कापड. ते बहुधा पॉलिएस्टर आणि नायलॉन यांच्या मिश्रणाचे असते. धाग्याची सूक्ष्मता डेनियर या मापाने सांगतात. नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचे वजन एक ग्रॅम भरले तर तो एक डेनियरचा. आपल्या सोवळ्याच्या रेशमाचा तंतू साधारण एवढ्याच जाडीचा असतो. मायक्रोफायबरचा तंतू त्याहूनही बारीक, म्हणजे नऊ किलोमीटर लांब ओढला तरी ग्रॅमभर वजन न भरणारा. जपानमधील टोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो या शास्त्रज्ञाने १९७० साली अशा तंतूंपासून मऊ कातड्यासारखे कापड सिद्ध केले, आणि पुढे या तंतूंची पुसण्याची फडकी जगभर पसरली. पुसण्याच्या फडक्यातील तंतू उभे चिरलेले असतात. त्या चिरांमुळे पृष्ठभाग पुष्कळ वाढतो आणि धूळ, तेल, ओल त्या फटींत धरून ठेवली जाते. सुती फडके धूळ पुढे ढकलते, हे फडके ती पोटात घेते.

मोटारीच्या रंगालाही याचा लाभ आहे. आजकालच्या मोटारींवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी माणसाच्या केसाहूनही कमी असते. एकाच बादलीतील गढूळ पाण्यात बुडवलेले जुने गंजिफ्रॉक त्यावरून गोलगोल फिरवले की त्यातील वाळूचे कण त्या लेपावर बारीक चरे पाडतात. उन्हात पाहिल्यास बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात ती अशीच उमटलेली असतात.

करावयाची रीत

ज्या घरांत यंदा हा मार्ग अवलंबायचा असेल त्यांच्यासाठी कृती थोडी तपशिलाने सांगणे इष्ट होईल. मोटार सावलीत उभी असावी आणि बॉनेट थंड झालेले असावे. तापलेल्या पत्र्यावर फवारा लगेच वाळतो आणि डाग धरतो. पाच-सहा स्वच्छ फडकी हाताशी घ्यावीत, त्यांच्या काठाला शिवलेली चिठ्ठी कापून टाकावी. फडक्याची दोनदा घडी घातली की वापरण्याजोगे आठ भाग मिळतात, आणि एक भाग मळला की दुसरा उलगडावा. सुरुवात टपापासून करावी, नंतर काचा, बॉनेट, दरवाजे अशा क्रमाने खाली यावे. एका वेळी हात-दीड हात भागावरच फवारा मारावा, अर्धा मिनिट थांबावे आणि भार न देता, एकाच दिशेने, सरळ रेषेत फडके फिरवून उचलून घ्यावे. मागे-पुढे घासू नये. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने तोच भाग हलकेच पुसून उजळावा. पक्ष्याची विष्ठा वाळली असेल तर ओले फडके तिच्यावर काही मिनिटे ठेवून ती मऊ होऊ द्यावी.

चाके आणि खालचा चिखलाळ भाग सर्वांत शेवटी, आणि त्यासाठी वेगळे फडके. ते फडके पुन्हा रंगावर फिरवू नये. चाकामागच्या ब्रेकच्या तबकडीवर फवारा उडू देऊ नये, कारण तेथे निसरडेपणा आला तर जिवाशी गाठ आहे. स्कूटर आणि मोटारसायकल यांच्या आसनावर व टायरवर हा चकचकीत फवारा मुळीच मारू नये. समोरच्या काचेवर मेणाचा पापुद्रा राहिला तर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांची चकाकी डोळ्यांवर येते, म्हणून ती काच निराळ्या ओलसर फडक्याने स्वच्छ पुसून कोरडी करावी. फडके जमिनीवर पडले तर धुतल्याखेरीज वापरू नये. काम संपल्यावर सर्व फडकी सौम्य साबणाने, सुती कपड्यांपासून वेगळी धुवावीत आणि सावलीत वाळवावीत. कपडे मऊ करणारी द्रव्ये त्यांना लावू नयेत, त्याने तंतूंच्या फटी बुजतात.

चाळीस मोटारींच्या ज्या संस्थेचा हिशेब वर मांडला, तेथे या रीतीने सुमारे दहा लिटर द्रव लागेल. म्हणजे एक घागर. त्यात फडकी धुण्याच्या सात-आठ बादल्या मिळवल्या तरी बेरीज दीडशे लिटरच्या आसपास थांबते. जेवढ्या पाण्यात एक मोटार न्हात होती, तेवढ्यात चाळीस निघाल्या.

मर्यादा आणि तारतम्य

कोणताही उपाय सर्वत्र लागू पडतो असे सांगणे आम्हांस मान्य नाही. ज्या मोटारीवर दाट चिखल वाळला आहे, तिच्यावर फवारा मारून फडके फिरवणे म्हणजे रंगावर वाळूचा कागद घासणे होय. कोकणातून तांबड्या मातीत माखून आलेली गाडी किंवा कच्च्या रस्त्यावरून आलेला ट्रॅक्टर यांना पाणी हवेच. पण तेथेही नळी कशाला? एक बादली आणि एक तांब्या घ्यावा, वरून सावकाश पाणी सोडून चिखल उतरवावा आणि उरलेली धूळ वरील रीतीने पुसावी. खेड्यात मोटार झाडापाशी उभी करून धुतली तर तेवढे पाणी त्या झाडालाही मिळते.

दुसरी गोष्ट, मायक्रोफायबर हे कृत्रिम कापड आहे आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात सुटतात. म्हणून फडकी विनाकारण वारंवार धुऊ नयेत, जपून अनेक वर्षे वापरावीत. बाटल्यांचा ढीगही घरात साठू देऊ नये, मोठ्या डब्यातून एकच बाटली पुन्हा पुन्हा भरावी. फवाऱ्याला पैसे पडतात, हेही खरे. नळाचे पाणी स्वस्त वाटते, कारण त्याची खरी किंमत दुसरीकडे कोणीतरी डोक्यावर हंडा घेऊन चुकती करीत असते. आणि ज्यांना हा खर्च नको असेल त्यांच्यासाठी एक बादली पाणी व स्वच्छ मऊ फडकी एवढी सामग्री पुरेशी आहे. आग्रह बाटलीचा नाही, नळी बंद करण्याचा आहे.

काही जण असेही विचारतील की उसाच्या शेतांना किती पाणी जाते, शहरांच्या गळक्या वाहिन्यांतून किती वाया जाते, त्यापुढे आमच्या एका मोटारीचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शासनाने व नगरपालिकांनी द्यावयास हवे. परंतु दुसऱ्याच्या घरची गळती मोठी आहे म्हणून कोणी आपल्या घरचा नळ उघडा ठेवीत नाही. शेतीचे पाणी आपल्या हाती नाही, रबरी नळीचे तोंड मात्र आपल्याच हाती आहे.

पूजेच्या वेळीही थोडे तारतम्य ठेवावे. हळद आणि कुंकू थेट रंगावर लावले तर डाग धरतात. म्हणून स्वस्तिक काचेच्या कोपऱ्यावर काढावे, अथवा विड्याच्या पानावर काढून ते पान बॉनेटवर ठेवावे. हार तारेचा नसावा, सुतळीत ओवलेला असावा. नारळ वाहनापासून दोन पावले दूर वाढवावा. दुसऱ्या दिवशी अक्षता व गुलाल आधी हलक्या हाताने झटकून मग ओलसर फडक्याने टिपावेत. आणि सोने लुटताना आपट्याच्या फांद्या ओरबाडू नयेत. कौत्साचे स्मरण एका पानानेही होते.

पुसणाऱ्या हातांचे सोने

शेवटी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्ही कर्तव्य समजतो. शहरांत पुष्कळ मोटारी मालकाच्या हाताने स्वच्छ होत नाहीत. पहाटे चार-पाचला उठून, थंडीत बादलीत हात बुडवून, एकामागून एक वीस-पंचवीस गाड्या पुसणारा कोणी मुलगा असतो, कोठे वॉचमन असतो, कोठे पोटासाठी गाव सोडून आलेला प्रौढ गृहस्थ असतो. त्यांतील कित्येक जण ज्या गावांत विहिरी आटतात, त्याच गावांतून आलेले असतात. बिनपाण्याची रीत स्वीकारताना त्यांची रोजी बुडणार नाही, याची काळजी प्रत्येक संस्थेने घेतली पाहिजे. चांगली फडकी आणि फवारा संस्थेने पुरवावा, रीत समजावून सांगावी आणि कामाचे मोल कमी करू नये. पाण्यात हात भिजवत काढाव्या लागणाऱ्या त्यांच्या पहाटा या योगाने थोड्या सुसह्य होतील, हाही लहान लाभ नव्हे.

पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही आख्यायिका आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. देवासाठी आणलेल्या पाण्यावरही तहानलेल्याचा हक्क पहिला, हा तिचा अर्थ. मग मोटारीसाठी काढलेल्या पाण्यावर तो किती अधिक असेल, हे आमच्या सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

तरी यंदा वाहनाची पूजा यथासांग करावी, झेंडूची माळ घालावी, नारळ वाढवावा. मात्र रबरी नळी गुंडाळून ठेवावी आणि मऊ फडके हाती घ्यावे. जमल्यास घरातील मुलांनाही सोबत घ्यावे, म्हणजे ज्या साधनाची पूजा करायची त्याची सेवा आपल्या हातांनी करण्याचा संस्कार त्यांच्यावर होईल. आणि ज्यांच्याकडे वर्षभर दुसऱ्याचे हात गाडी पुसतात, त्यांनी सोने वाटताना पहिले पान त्या हातांवर ठेवावे.

आमच्या सर्व वाचकांस विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा.